निकाहनाम्यातलं नाव

निकाहनाम्यात व्हिसा अडावा अशी काहीच चूक नव्हती. चूक आहे, म्हणून तुझा व्हिसा अडलाय, असं मी बायकोला सांगितलं. ते खोटं तिने खरं धरलं आणि उन्हातान्हात निस्तरत बसली.

मी अमिरातीतल्या खोर फक्कानच्या बंदरात कामाला आहे. जहाजावरचे कंटेनर हलू नयेत म्हणून ते लोखंडी सळयांनी जखडतात. आमची टोळी ते काम करायची. एकदा सळई निसटली आणि माझा उजवा हात कंटेनरच्या कडेत सापडला. हात वाचला, पण मूठ वळत नाही. कंपनीने मला गेटवर बसायचं काम दिलं. त्याचा पगार कमी, म्हणून हातासाठी दर महिन्याला वेगळी रक्कम सुरू केली. दोन्ही मिळून बँकेत पूर्वीइतकेच दिरहम यायचे. घरी पाठवायचो तेही तेवढेच. त्यामुळे काही बदललंय हे मला कुणाजवळ कबूल करावं लागलं नाही. बायकोला म्हटलं होतं, थोडं लागलंय, बरं होतंय. व्हिडिओवर बोलताना तो हात मी मांडीवर ठेवायचो.

मुलीचं लग्न झालं आणि रत्नागिरीजवळच्या गावात बायको एकटी उरली. आमचा संसार म्हणजे माझ्या सुट्ट्या. मी म्हटलं, "आता तू इकडेच ये."

"तिथे आमसुलं वाळवायला ऊन मिळेल ना?"

"ऊन सोडून इथे दुसरं आहे काय?"

ती हसली, आणि लगेच, चादरी किती आणायच्या, हे विचारायला लागली.

व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये एक केरळचा माणूस बसतो. त्याने कागद चाळले. "भाई, बीवी को बुलाने के लिए चार हज़ार सैलरी चाहिए. या तीन हज़ार और कंपनी का घर." मी सवयीने मनात रुपये केले, नव्वद हजारांच्या आसपास. "उससे ज़्यादा मिलता है," म्हणत मोबाइलवर बँकेचा आकडा दाखवला. त्याने कंपनीच्या दाखल्यावर बोट ठेवलं.

"सैलरी इधर तक. तीन हज़ार भी नहीं है. नीचे वाला मदद है, हाथ के लिए. वो सैलरी में नहीं गिनते."

"पैसा तो पैसा है ना?"

"पैसा है, सैलरी नहीं है. खलास."

तो वाईट बोलला नव्हता. पण मदत हा शब्द मला बोचला. आमच्या गावात मदत मशिदीच्या जमातीकडून मिळते, विधवेला, नाहीतर आजारी माणसाला. मी इतकी वर्षं ती पाठवणारा होतो. कागद परत देताना तो सहज म्हणाला, "निकाहनामे में नाम का स्पेलिंग थोड़ा अलग है. चलेगा, इतना चलता है."

संध्याकाळी तिचा फोन आला. "काय झालं?"

"निकाहनाम्यातलं तुझं नाव पासपोर्टशी जुळत नाही."

ती मग म्हणाली, "अब्बांनीच लिहवून घेतलं होतं. तेव्हा त्यांना दिसायचंही कमी." सासरे वारले त्याला बरीच वर्षं झाली. मी त्यांच्यावर खापर फुटू दिलं.

मग ती एसटीने रत्नागिरीच्या फेऱ्या मारू लागली. काझीसाहेब, वकील, शिक्के. प्रत्येक फेरीची गोष्ट मला सांगायची. "काझीसाहेब विचारत होते, इतक्या वर्षांनी काय बदलायचंय? म्हटलं, घाबरू नका, नवरा नाही, स्पेलिंग." मी हसायचो. प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगू. आणि फोन ठेवायचो.

एका जुम्म्याला नमाजनंतर मी समुद्राकाठच्या बाकावर बसलो होतो. दुरुस्त केलेल्या कागदाचा फोटो आला, पाठोपाठ तिचा व्हिडिओ कॉल. "झालं. आता काय राहिलं?"

मी उजवा हात कॅमेऱ्यासमोर धरला. पगाराचं सांगितलं, मदतीचंही.

ती हाताकडे बघत राहिली. "हाताचं मला ठाऊक होतं. उजव्या हाताशिवाय पाण्याचा घोट न घेणारा माणूस डाव्या हाताने चहा पितो, मला दिसत नाही का? म्हटलं, सांगतील तेव्हा सांगतील." मग तिने विचारलं, "म्हणजे मी यायचं नाही?"

"पगार वाढेपर्यंत नाही. व्हिजिट व्हिसावर ये, थोड्या दिवसांसाठी."

"आणि नाव?"

"नावाने काही अडलं नव्हतं."

तिचा चेहरा तेव्हा उतरला. "काझीसाहेबांसमोर मी म्हटलं, माझ्या बापाने चूक केली. दुआ मागतानाही रुसून असते त्यांच्यावर. तुमचा हात मला जड झाला असता का हो?"

बाजूने माणसं जात होती. मी डोळे पुसले नाहीत. म्हटलं, "तुझ्या अब्बांनी काही चूक केली नव्हती. कमी माझ्या पगारात होती. ती सांगायची लाज वाटली, म्हणून मी ती त्यांच्या माथी मारली आणि तुला दारोदार फिरवलं. मला माफ कर. आज दुआ मागशील तेव्हा अब्बांनाही सांग, जावई माफी मागतोय."