अँटेना मी फिरवला होता

रविवारी सकाळी मालिकेचं सुरुवातीचं संगीत लागलं की माझी मुलगी टीव्हीचा आवाज पूर्ण वाढवायची. इंदापूरजवळच्या आमच्या आळीत तेव्हा तेवढाच एक टीव्ही होता, आणि ते संगीत म्हणजेच पोरांना बोलावणं होतं. आधी बासरी, मग ढोल, मग सगळ्यांनी मिळून म्हटलेलं गाणं. गाणं येईपर्यंत आमची पुढची खोली भरलेली असायची. शेजारच्या वैनींची मुलगी सगळ्यात आधी येऊन माझ्या मुलीला खेटून बसायची. दोघी एका वर्गात होत्या.

मी लोणी देवकरला एका कंपनीत होतो. शनिवारची रात्रपाळी करून आलो की आतल्या खोलीत डोक्यावर चादर घेऊन पडायचो. झोप लागायची नाही. पोरांना ओरडावं तर आळीत कंजूष ठरलो असतो. एका रविवारी पहाटे घरी आल्या आल्या मी स्लॅबवर चढलो आणि अँटेना फिरवून ठेवला.

उन्हाळ्याचे दिवस होते. वैनींचं घर पत्र्याचं, म्हणून त्यांच्या कुरडया आमच्या स्लॅबवर वाळायच्या. वाऱ्यानं उडू नये म्हणून खाली अंथरलेल्या पातळाचं टोक त्या अँटेनाच्या पाइपला बांधायच्या. सकाळी पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसायला लागल्या. पोरं थांबून थांबून गेली. वैनी दारात आल्या.

"काय झालं वो भावजी?"

"काय होणार? पातळाला हिसका बसला आसंल. अँटेना फिरलाय."

संध्याकाळी वैनी पाटीभर कुरडया घेऊन आल्या. "राहू द्या पोरीला खायला," म्हणाल्या. मी पाटी घेतली. त्या कुरडया आम्ही वर्षभर तळून खाल्ल्या.

तीन-चार आठवड्यांनी मी अँटेना पुन्हा नीट केला. रविवारी मुलीनं आवाज वाढवला आणि दाराकडं बघत बसली. कुणी आलं नाही. वैनींनी त्यांच्या मुलीला आमच्याकडं यायला बंदी केली होती, आणि तिच्यामागं बाकीची पोरंही थांबली. पुढं कितीतरी रविवार माझी मुलगी एकटीच बसायची. मला हवी होती ती शांतता मिळाली होती, पण मी जागाच असायचो. एके दिवशी तिनं आवाज वाढवणं सोडून दिलं.

आता बायको नाही. मुलगी पुण्यात असते. परवा फोनवर म्हणाली, "आबा, ते जुनं संगीत मोबाईलवर सापडलं, ऐका." मी ऐकलं. "काकींनी अँटेना मोडला तेव्हापासून मजाच गेली," असंही ती हसत म्हणाली. मी हं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी वैनींकडं गेलो. त्या ओट्यावर लसूण सोलत होत्या.

"वैनी, त्यो अँटेना मी फिरवला हुता. तुमच्या पातळानं न्हाय."

त्यांनी हातातली पाकळी खाली ठेवली. "मुद्दाम?"

"व्हय. झोप मिळंना म्हणून."

"पातळ माझ्या पोरीनं बांधलं हुतं भावजी. तिला मी त्या दिवशी लाटण्यानं मारलं. नको म्हणत हुती, मी न्हाय केलं म्हणत हुती, तरी मारलं."

मला हे माहीत नव्हतं. मी तिथंच ओट्याच्या कडेला बसलो.

"मला सांगून काय उपेग," त्या म्हणाल्या. त्यांची मुलगी कोऱ्हाळ्याला दिलेली. त्यांनी तिला फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

मी सांगितलं. पलीकडं ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"काका," ती म्हणाली, "तुमच्या पोरीला सांगितलंय का तुमी? तिला अजून वाटतं आमीच केलं. लग्नालापण आली न्हाय ती माझ्या."

नव्हतं सांगितलं. नंतर मुलीला दोनदा फोन लावला, दोन्ही वेळा जेवणाचं विचारून ठेवून दिला. म्हणून तिच्यासाठी हे सगळं कागदावर लिहिलंय. उद्या पोस्टात टाकतो.