ओढ्याकाठचा चतुर

भाऊसो विट्याजवळच्या एका खेड्यातले. मिसरूड फुटायच्या आतच सोनं गाळायच्या धंद्यासाठी तामिळनाडूत गेले आणि निम्मं आयुष्य तिथंच सरलं. भट्टीचा, तेजाबाचा धूर मात्र छातीत जाऊन बसला. डॉक्टरांनी मोकळ्या हवेत राहायला सांगितलं, तसे दुकान मोडून ते गावी परतले.

घरी बायको होती, संयोगिता. शेत, म्हशी, सासू-सासऱ्यांचं आजारपण, लेकीचं शिक्षण सगळं तिनं एकटीनं ओढलेलं. नवरा यायचा तो जत्रेपुरता. आता तो दिवसभर समोर, आणि बोलायचं काय हे दोघांनाही उमगेना.

एकदा भाऊसोंनी सहज दागिने पारखायचं भिंग मुंगळ्यावर धरलं आणि चाटच पडले. केवढे ते डोळे, केवढा तो जबडा! लेक साक्षी सुट्टीला आली होती. तिनं ते भिंग मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बसवून दिलं. मग बांध, तुरीचे शेंडे, ओढा यातच त्यांचा जीव रमू लागला.

"सोनं सोडून आता किडं गाळताय व्हय?" असं म्हणत गावकरी हसायचे.

अडचण एकच. इतक्या जवळून फोटो घ्यायचा तर श्वाससुद्धा रोखावा लागतो, आणि भाऊसोंना खोकल्याची उबळ नेमकी तेव्हाच यायची. काढ्याचा तांब्या घेऊन संयोगिता मागोमाग असायचीच.

एका सकाळी ओढ्यातून एक मातकट किडा लव्हाळ्याच्या पात्यावर चढून बसला होता. त्याची पाठ उकलत होती. चतुर बाहेर पडत होता! भाऊसोंनी मोबाईल धरला आणि छाती घरघरू लागली.

"आवं, द्या हिकडं," संयोगिता म्हणाली.

"हात हालला तर समदं गेलं बघ."

"लाथाळ म्हशीची धार काढणारी हाय मी. न्हाई हालत हात."

ती चिखलात उकिडवी बसली. भाऊसो लांब जाऊन तोंडात टॉवेल कोंबून खोकत राहिले, ती टिपत राहिली. चुरगळलेले पंख हळूहळू उलगडले, काचेसारखे झाले. ऊन वर आलं आणि चतुर उडाला.

"कसं थरथरत हुतं, नव्या वासरागत," ती म्हणाली.

फोटो लख्ख आला होता. भाऊसोंना भरून आलं. "तुझं लय उपकार हायत गं."

"एका फोटूचं?"

"फोटूचं न्हवं. मी तिकडं हुतो तवा घर तू उभं ठेवलंस. कवा तोंडानं म्हणलोच न्हाई."

संयोगिता पदरानं हात पुसत राहिली. मग हळूच म्हणाली, "आज म्हणलासा न्हवं? झालं तर."

साक्षीनं तो फोटो कॉलेजच्या प्रदर्शनात लावला, खाली आई-बापाची दोघांची नावं घालून. आता भाऊसो किडे हुडकतात आणि संयोगिता टिपते. परवा पारावर कुणीतरी तब्येत विचारली.

"छाती हाय तशीच हाय, गड्या," भाऊसो म्हणाले, "पर दिस लय ब्येस चाललंत."