लाडूचा फोटो आणि माझा पाय

मंडळी, आज मला चक्क कुत्र्याच्या पिल्लाचा हेवा वाटला.

परवा आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये लाडू आला. आज सकाळी नवरा ऑफिसचा कॉल म्यूट करून, इस्त्रीच्या शर्टात फरशीवर पालथा पडला होता. का, तर म्हणे, "अगं, फोटो त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढायचा असतो." त्याने उजेडासाठी पडदा सरकवला, फ्लॅश बंद केला, फोनच्या वर बिस्किट धरलं आणि लाडूसाहेबांनी इकडे बघावं म्हणून तब्बल वीस मिनिटं वाट पाहिली.

पाडव्याला मी पैठणी नेसून उभी राहिले, तेव्हा हाच माणूस सोफ्यावरून उठलासुद्धा नव्हता. त्या फोटोत माझ्या डोक्यामागे वाळत घातलेले टॉवेल आहेत. वर म्हणाला, "चेहरा आलाय ना? मग झालं."

शेवटी मीच लाडूशेजारी जाऊन बसले. म्हटलं, निदान दोघांचा तरी चांगला येईल.

फोटो बघून नवरा खूश. "एक नंबर आलाय! फक्त कडेला तुझा पाय आलाय, तो कापून टाकतो."

मैत्रिणींनो, फरशीवर झोपणं राहू दे. तुमच्या फोटोसाठी घरातलं कोणी कधी सोफ्यावरून तरी उठलंय का?