मॅडम फायनली गेल्या

शफीकभाई नसते तर मी आज वसमतच्या हळदीच्या कारखान्यात नसतो, हे आधी सांगून टाकतो. भाई ऑफिसात कॉम्प्युटर बघतात. मी पॉलिशच्या ड्रमवर असतो. उकडून वाळवलेली हळद ड्रममध्ये फिरवली की साल निघते आणि पिवळा रंग वर येतो. आठवीत शाळा सोडून मी चिपळूणकडून इकडे आलो.

त्या दिवशी माल घेणाऱ्या कंपनीच्या मॅडम हैदराबादहून तपासणीला आल्या होत्या. शेठ बाहेरगावी. म्हणाले होते, "मॅडम निघाल्या की ग्रुपवर टाक. इंग्लिशमधे."

मॅडमनी माल बघितला, सॅम्पल घेतलं, गाडीत बसल्या. सगळं फायनल. मी लिहिलं, 'मॅडम फायनली लेफ्ट.'

लगेच शेठचा फोन. "काय लिवलंस रे? मॅडम त्याच ग्रुपात हायेत."

"हो शेठ. त्यांनाही कळावं म्हणून."

"कळलं त्यान्ला, बराबर कळलं. ऑर्डर गेली तर तू बी कोकणची गाडी धर."

फोन बंद. माझं चुकलं काय तेच कळेना. गेल्या होत्या, गेल्या लिहिलं. स्पेलिंग पुन्हा पुन्हा बघितलं. शेवटी भाईंकडे गेलो. त्यांनी वाचलं आणि तोंडाला रुमाल लावला.

"फायनली काहून घातलं?"

"फायनल झालं म्हणून. पक्कं."

"फायनल म्हंजे पक्कं. फायनली म्हंजे एकदाचं. तू लिवलंस, मॅडम एकदाच्या गेल्या."

पाहुण्यांची रिक्षा वळणाआड गेली की आमची आत्या हेच म्हणायची. मेसेज डिलीट करायला गेलो तर भाईंनी हात धरला.

"त्यानं अजून वाईट दिसतंय. फोन लाव."

हिंदीत मला 'एकदाचं' सांगता येईना. भाईंनीच फोन घेतला. "मॅडम, लडका 'काम पक्का करके गए' बोलना चाहता था. 'चलो, बला टली' नहीं."

पलीकडून 'अच्छा' आलं. मग हसू.

पुढच्या आठवड्यात ग्रुपवर मॅडमचा मेसेज आला, 'सॅम्पल फायनली पास्ड.' ड्रम थांबवला. पुन्हा भाईंकडे.

"भाई, हे पक्कं पास का एकदाचं पास?"

"पास हाय ना? मंग जा, ड्रम चालू कर."

मला ते अजून कळलेलं नाही. एवढं मात्र शिकलो, की ज्या शब्दाचं मराठी माहीत नाही तो ग्रुपवर टाकू नये.

भाईंनी समुद्र बघितलेला नाही. त्यांना घरच्यांसकट आमच्या गावी न्यायचं, हे फायनल. फायनली कधी, ते शेठ सुट्टी देतील त्यावर.