यशवंतमामांचे तळहात

काल सकाळी सव्वादहा वाजता आमच्या गल्लीतल्या यशवंतमामा मिस्त्रींचा त्यांच्याच गॅरेजात अपमान झाला. जुन्या मोटारसायकलचा मालक सगळ्यांसमोर म्हणाला, "ज्याला हॉर्न ऐकू येत नाही, तो इंजिन काय ट्यून करणार? गाडी परत द्या." या महिन्यात असं परत निघालेलं हे तिसरं गिऱ्हाईक.

मामा ओठ वाचतात. "शिव्या तेवढ्या लगेच कळतात मला," ते हसून म्हणाले. "पाच मिनिटं थांबा, साहेब."

इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणारे दोन कार्बोरेटर होते. मूठ पिळली की एक आधी उघडायचा, दुसरा मागून, आणि गाडी धक्के खायची. मामांनी इंजिन चालू केलं, दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडाशी एकेक तळहात धरला आणि डोळे मिटले. हवेची ओढ कुठे जास्त आहे, हे त्यांच्या हातांना कळत होतं! दोघांना जोडणाऱ्या दांडीचा स्क्रू त्यांनी केसभर फिरवला, पुन्हा हात धरले, पुन्हा फिरवला. आणि ती थडथडणारी गाडी एका क्षणात अशी एका सुरात चालू लागली, की माझ्या अंगावर काटा आला!

ऐकायचं ते फक्त कानांनी, हे ठरवलं कोणी? आणि मामांचे कान गेले कशाने? जन्मभर तुमचीआमचीच इंजिनं दुरुस्त करून! कामानेच कान घ्यायचे आणि कान नाहीत म्हणून कामही काढून घ्यायचं, हा कुठला न्याय?

मालक गाडी घेऊन गेला, माफी न मागता. तुम्हीही कुणाला कामाला हात लावू न देताच नापास केलं असेल, तर आजच त्याच्याकडे जा आणि ते काम त्याच्या हातात द्या.