मुनियांची पंगत

सासऱ्यांची बियाण्याची नागली मी पाखरांना खाऊ घातली, हे आधीच कबूल करून टाकतो.

मी जव्हारला शिक्षक. पन्नाशीच्या तोंडावर कॅमेरा घेतला, त्यासोबत चौदा खिशांचं जॅकेट. (तेरा खिशांत काय ठेवायचं ते अजून कळलेलं नाही.) फोटोग्राफीने माणूस निसर्गाच्या जवळ जातो, असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. बायको ऐकून घ्यायची. तिचं माहेर खोडाळ्याचं. तिथे निसर्ग हाकलायला माणूस बसवतात.

दिवाळीत तो माणूस मी होतो. सगळे नात्यातल्या साखरपुड्याला निघाले आणि सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, बियाण्यासाठी राखलेला शेताचा तुकडा माझ्यावर सोपवला. लाल नागली, म्हणजे नाचणी, त्यांच्या वडिलांपासूनची. गावात दुसऱ्या कोणाकडे उरलेली नाही. माझ्या हातात पत्र्याचा डबा दिला.

"जावई, दुसरं काय करायचं नाय. पाखरू दिसलं का डबा बडवायचा."

दहा मिनिटांत पहिली मुनिया आली. मुठीसारखं वळलेलं लाल कणीस, त्यावर ती, मागून कोवळं ऊन! मी डबा उचलला आणि हळूच गवतात ठेवला. आवाज झाला असता ना. मग तिने सगळं गणगोत आणलं. मी श्वासही बेताने घेत होतो. दुपारी पोपट आले, तेव्हा जरा मागे सरकून बसलो. (पाहुण्यांना अवघडल्यासारखं नको.) निसर्गाच्या इतक्या जवळ मी आयुष्यात गेलो नव्हतो.

संध्याकाळी मामा बांधावर येऊन उभे राहिले. समोर नुसत्या काड्या.

"डबा वाजला नाय का?"

"पाखरं बुजली असती, मामा."

मामांनी गवतातला डबा उचलून माझ्यापुढे धरला.

"त्याच्यासाठीच देतात तो."

मी साडेचारशे फोटो काढले होते. दाखवायची हिंमत झाली नाही. प्रत्येक चोचीत मामांचं बियाणं स्पष्ट दिसत होतं. मामींनी चुलीवरच्या धुरात आदल्या वर्षीची एक जुडी टांगून ठेवली होती, म्हणून वाण वाचला. जेवताना मात्र मी नागलीची भाकरी बाजूला सारून नुसता भात घेतला.

प्रायश्चित्त म्हणून मी ते जॅकेट मामांना देऊन टाकलं. यंदा त्यांनी ते बुजगावण्याला घातलंय. तुकड्यात एक पाखरू फिरकत नाही. मामा आल्यागेल्याला त्याच्याकडे बोट दाखवून सांगतात,

"हे आमचे जावई. ह्यांना सांगितलेलं काम जमतं."