आवाजावर पळणारा भटू

भटू चेंडूकडे पाठ करायचा. बॅटचा आवाज झाला की हा माणूस क्षणभर कान टवकारून उभा राहायचा, मग गर्रकन वळायचा आणि चेंडू आकाशात असताना, त्याच्याकडे ढुंकूनही न बघता, कुंपणाच्या दिशेनं धावत सुटायचा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटे, पोरगं घाबरून पळालं. लोक शिट्ट्या मारायचे. शेवटच्या दोन पावलांत तो मान वर करायचा, खांद्यावरून हात पुढे न्यायचा आणि चेंडू मुकाट्यानं त्याच्या ग्लोव्हमध्ये येऊन बसायचा. मग तेच लोक आ वासून बघत राहायचे.

मी बेसबॉलबद्दल बोलतोय. जळगावात बेसबॉल. हसू नका. कुणालाही सांगायला जा, तो विचारतो, "म्हणजे क्रिकेटच ना?" वीस वर्षं समजावून मला आता कंटाळा आला आहे. एवढंच ध्यानात ठेवा: मैदानाच्या आतल्या बाजूला आम्ही काही जण उभे असतो आणि आमच्या मागे, मोकळ्या माळावर, तिघं. उंच आणि लांब मारलेला चेंडू झेलणं हे त्या तिघांचं काम. त्यांना आउटफिल्डर म्हणतात. मी आतल्या बाजूला, सेकंड बेसला होतो आणि भटू बरोबर माझ्या मागे, सेंटर फिल्डला, म्हणजे त्या तिघांतला मधला. त्यामुळे नऊ वर्षं मी त्याला पाहिला कमी आणि ऐकला जास्त. चेंडू माझ्या हातून निसटला, मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालायला लागलो, की मागून आवाज यायचा, "मी शे ना मांगे!" आणि तो खरंच असायचा. चेंडू निसटो न निसटो, प्रत्येक वेळी तो माझ्यामागे धावत आलेला असायचा. दहातल्या नऊ वेळा ते धावणं फुकटच जायचं. मी म्हणायचो, "अरे, कशाला दमतोस?" तो म्हणायचा, "दहाव्या टाइमले कोन येई मंग?"

तो पारोळ्याजवळच्या एका खेड्यातला. कॉलेजसाठी जळगावला आला, होस्टेलवर राहिला आणि कुणीतरी मैदानावर ओढून आणला. आमचे कोच नाना खाकी हाफपँट घालायचे आणि बोलायचे मात्र कोर्टातल्या वकिलासारखे. पहिल्या दिवशी नानांनी त्याला जमिनीवरून सरपटते चेंडू मारले. उजवीकडचे सगळे त्यानं उचलले, डावीकडचे सगळे गेले. नाना ओरडले, "काय रे, डाव्या बाजूला कुलूप लावलंय का तुझ्या? जा, तिकडे लांब जाऊन उभा राहा, नजरेसमोर नको!" ती शिक्षा होती. त्या शिक्षेच्या जागेवर भटूनं पुढं राज्याच्या संघापर्यंत मजल मारली.

चेंडू कुठे पडणार हे त्याला कसं कळतं, हे सगळे विचारायचे. तो एकच उत्तर द्यायचा, "बठ्ठं आवाजवर शे." सगळं आवाजावर आहे. बॅट पोकळ वाजली तर चेंडू आखूड पडतो, पुढे ये. भरीव वाजली तर विचार करू नको, वळ आणि पळ. आम्ही इतरांनी करून पाहिलं. माझ्या डोक्यात दोनदा चेंडू बसला, मग मी नाद सोडला.

शिक्षण संपून काही वर्षं झाल्यावर एका सरकारी खात्यात खेळाडूंसाठी जागा निघाल्या. भटूची प्रमाणपत्रं चोख होती, निवडही झाली. उरली फक्त वैद्यकीय तपासणी. पंधरा दिवस आधी तो माझ्या खोलीवर आला आणि चहा थंड होईपर्यंत कप नुसता हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "भाऊ, डावा डोळा नावाले शे."

लहानपणी विटी लागली होती. वरून डोळा अगदी धड दिसायचा, आतून अंधार. नऊ वर्षं मी ह्या माणसाच्या पुढे उभा होतो आणि मला पत्ता नव्हता! तो मान नेहमी थोडी डावीकडे वळवून उभा राहायचा, ती मी ऐट समजत होतो. मी म्हटलं, "अरे, मग तू झेलतोस कसा?" तो म्हणाला, "सांगं व्हतं ना. आवाजवर."

आता माझी हुशारी ऐका. ओळखीच्या चष्म्याच्या दुकानातून मी डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता मागून आणला. भटूनं तो असा पाठ केला की पाढे म्हणावेत. तपासणीच्या दिवशी मीही बरोबर गेलो, दाराच्या फटीशी उभा राहिलो. डॉक्टरांनी उजवा डोळा झाकायला लावला आणि पत्र्याच्या तक्त्यावर छडी टेकवली. ठक. भटूनं पहिली ओळ म्हटली. खाली ठक. दुसरी. छडी कुठे वाजते यावरून त्याला ओळ कळत होती. पठ्ठ्यानं शेवटची ओळसुद्धा घडाघडा म्हणून टाकली, जी दोन्ही डोळे शाबूत असलेल्यालाही धड दिसत नाही. तिथंच घोटाळा झाला. डॉक्टरांनी छडी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, आता मी बोट ठेवतो ती ओळ वाचा. मग ठक काही वाजेना.

"ठेवा ना साहेब बोट," भटू म्हणाला.

"ठेवलंय," डॉक्टर म्हणाले.

माणूस वाईट नव्हता. त्यांनी विचारलं, "खेळाडूंच्या जागेवर आलात ना? काय करता खेळात?" भटू म्हणाला, "चेंडू झेलतो." डॉक्टरांनी कागदावर 'अपात्र' लिहिलं. परतीच्या बसमध्ये भटूनं माझ्याकडून एकच वचन घेतलं. "कोनले सांगू नको, भाऊ. कळनं ते मना खेळ बंद."

कारण आता त्याच्याकडे खेळाशिवाय काही नव्हतं. मला शाळेत क्रीडाशिक्षकाची नोकरी लागली, भटू मात्र टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांमध्ये शिरला. आमच्याकडे गावोगाव त्या चालतात आणि संघ बाहेरचे दोन-तीन खेळाडू पैसे देऊन बोलावतात. लोक मोठे फलंदाज बोलावतात. भटू हा सबंध खानदेशात एकटाच असा, की ज्याला फक्त सीमारेषेवर उभं राहण्यासाठी बोलावणं यायचं. चाळीसगाव, पारोळा, यावल, जिथे म्हणाल तिथे. बारा वर्षं त्यानं यावर घर चालवलं. षटकार म्हणून लोक नाचायला उठायचे आणि भटू तो दोरीच्या आत टिपायचा. बेसबॉल कुणाला ठाऊक नव्हता, पण पाठमोरा पळणारा भटू सगळ्यांना ठाऊक होता. मी कधी भेटलो की म्हणायचा, "सर, तुम्ही पगारी, मी पन पगारी." हसायचा, पण गुडघे चोळत हसायचा.

मग मैदानांवर डीजे आले.

आधी नुसती कॉमेंट्री असायची. मग चौकार गेला की गाणं, विकेट पडली की गाणं, आणि शेवटी गाणं थांबेचना. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भिंतीएवढे स्पीकर. त्या दणदणाटात बॅट वाजली काय, न वाजली काय. भटूचे झेल सुटायला लागले. लोक म्हणाले, वय झालं. तो कुणाला काय सांगणार? मला म्हणाला, "भाऊ, छाती धडधडस त्या आवाजानं, कानले काहीच येत नही." डीजेवाल्यांना त्यानं हात जोडून विनवलं होतं, चेंडू टाकताना तेवढं बंद ठेवा रे. ते हसले. मॅच बघायला कोण येतं, म्हणाले.

यावलच्या त्या स्पर्धेत मी पाहुणा होतो. टोपी, रुमाल, नारळ देऊन माझा सत्कार झाला आणि मला मांडवात कॉमेंटेटरच्या शेजारी बसवलं. दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होतं. एक उंच फटका गेला. गाणं चालूच होतं. भटू जागच्या जागी घुटमळला, उशिरा वळला आणि चेंडू त्याच्या डाव्या हाताला चार पावलांवर पडला. दुसऱ्या षटकात पुन्हा तेच. अख्खं मैदान हसत होतं. कॉमेंटेटर म्हणाला, "सीमारेषेवरच्या पाहुण्यांना उन्हात डुलकी लागली वाटतं! अरे, कुणीतरी चहा द्या रे त्यांना!"

माझं डोकं फिरलं. मी उठलो, डीजेवाल्याच्या दिशेनं हात करून ओरडलो, "बंद करा ते! त्याला एका डोळ्यानं दिसत नाही, आवाजावर खेळतो तो, अक्कल आहे का तुम्हाला?" डीजेवाल्यानं घाबरून खरंच गाण्याचं बटण बंद केलं. पण कॉमेंटेटरच्या हातातला माईक चालूच होता, आणि मी त्याच्या तोंडाशी ओरडत होतो. पुढचं सगळं वाक्य शांत मैदानावर, चारही कोपऱ्यांत ऐकू गेलं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. भटू तिकडे दोरीजवळ उभा होता. त्यानं फक्त टोपी काढली, घाम पुसला आणि टोपी पुन्हा घातली. उरलेली षटकं लोकांनी अगदी चिडीचूप बसून पाहिली. गाणं बंद. त्या शांततेत भटूनं दोन झेल घेतले, दोन्ही पाठमोरा पळून. टाळ्या वाजल्या, पण त्या दयेच्या टाळ्या होत्या, खेळणाऱ्याला त्या लगेच कळतात.

पुढच्या मोसमात त्याला एकही बोलावणं आलं नाही. एकाक्ष माणसाला पैसे देऊन कोण सीमारेषेवर उभं करणार? मी त्याच्या घरी गेलो, तोंड कुठे लपवावं कळेना. तो म्हणाला, "खरंच सांगं ना तू, खोटं थोडी सांगं? मी बी थकनू, भाऊ. पयीपयी थकनू." पळून पळून थकलो, एवढंच म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर मी मोकळा झालो असतो, पण माझ्या ह्या चुकीमागेही तो मैदानावरच्यासारखाच धावत आला.

गेल्या वर्षी तो सुरतेला गेला, कापडाच्या गोदामात. धुळ्याच्या बसस्टँडवर मी त्याला सोडायला गेलो. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो, पण रसवंतीपाशी उभं राहून आम्ही नानांच्या हाफपँटबद्दलच बोलत बसलो. बस लागली. तो चढला, खिडकीशी बसला. बस हलली तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याच्यासाठी आणलेला केळीच्या वेफर्सचा पुडा माझ्याच पिशवीत राहिलाय. मी बसबरोबर चार पावलं धावलो आणि सवयीनं पुडा खिडकीतून त्याच्याकडे फेकला. उघड्या खिडकीतून, हातभर अंतरावरून.

पुडा त्याच्या डाव्या कानशिलावर आदळला आणि आत कुठेतरी पडला. त्यानं हातसुद्धा उचलला नव्हता. नऊ वर्षांत आणि पुढच्या बारा वर्षांत मी त्याच्याकडे हजारो वेळा काही ना काही फेकलं असेल, पण प्रत्येक वेळी "भटू!" म्हणून हाक मारून. मैदानाची रीतच ती.

त्यानं दचकून मान पुरती वळवली, चांगल्या डोळ्यानं मला शोधलं आणि हसला. "भाऊ, आवाज नही दिधा तू!"

बस वळली. यावलला, जिथे तोंड उघडायला नको होतं, तिथे मी सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडलो होतो. आणि इथे त्याला फक्त एक हाक हवी होती. मी स्टँडवर उभा राहून मोठ्यानं "भटू!" म्हणालो. दोन-चार माणसांनी वळून पाहिलं. मग मी जळगावची बस पकडली.